पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या

एल्डा व्होथच्या हाताला एक जुनी खोड होती. रिकामा खोका दिसला की तिला तो टाकवत नसे. कॉर्नफ्लेक्सचे खोके कापून ती तळहाताएवढ्या चिठ्ठ्या करी, मागच्या कोऱ्या बाजूला निळ्या शाईनं बायबलमधलं एकेक वचन लिही आणि घरं बांधायला निघालेल्या मंडळींच्या डब्यात पावाशेजारी सारून देई. अक्षर सुटं, ठाशीव, फळ्यावर काढल्यासारखं. कॅन्ससमधल्या आपल्या देवळात चौतीस वर्षं तिनं रविवारच्या शाळेत पोरांना शिकवलं होतं, त्याचं ते वळण.

वचनाची चिठ्ठी फेकायची कशी? डबा खाऊन झाला की माणसं ती जवळच्या लाकडी खांबाला ठोकून टाकत. दाराला, खिडकीला, जिन्याखाली, नळाच्या डोक्यावर. पुढे त्यावर भिंतीचे तक्ते बसत आणि चिठ्ठ्या आतल्या आत झाकल्या जात. "घराच्या हाडांत वचन असलं की घर आजारी पडत नाही," असं तिचा नवरा विलर्ड म्हणायचा. तो हसत म्हणायचा, पण ठोकताना मात्र डोक्यावरची टोपी काढून ठोकायचा. त्याचं बघून सगळेच काढायला लागले.

घरं बांधायची ते गाव शेजारच्या मिझुरी राज्यातलं, कॉटर्स बेंड. जुलैत नदी बांध फोडून गावात शिरली आणि अकरा दिवस वळचणीपर्यंत ठिय्या देऊन बसली. पाणी ओसरल्यावर सरकारी माणसं आली, मोजमापं घेऊन गेली. मग घरं फुकट बांधून द्यायला एल्डाच्या पंथाची, मेनोनाइट ख्रिस्ती मंडळी आली. कुणी दोन आठवडे, कुणी तीन. एल्डा आणि विलर्ड यांनी जानेवारीपासून एप्रिलपर्यंतचा शब्द दिला होता. तिच्याकडे स्वयंपाक, त्याच्याकडे विजेचं काम. बंद पडलेल्या शाळेच्या दुसरीच्या वर्गात दोघांच्या खाटा, आणि तळघरात चाळीस माणसांची चूल. बरोबर अर्ना गोअरिंग होती. एल्डाची बालमैत्रीण, जिभेला हाड नसलेली.

"विलर्ड, तुझ्या बायकोची वचनं पोटात जात नाहीत," अर्ना म्हणायची. "एखाद्या दिवशी त्या पुठ्ठ्याऐवजी मांसाचा तुकडा जास्त घालायला सांग."

"तू सांग. मला त्याच घरात राहायचंय," विलर्ड म्हणायचा.

ड्वेन पर्सेलचं घर हे त्यांचं चौथं. म्हणजे घर त्याच्या आईचं. म्हातारी पूरग्रस्तांच्या छावणीतच ऑक्टोबरात गेली. ड्वेन पन्नाशीचा, नदीवरच्या मालवाहू बोटींवर दोरखंड ओढून ओढून रुंद झालेला, सरकारनं दिलेल्या ट्रेलरात, चाकांवरच्या घरात, एकटा राहणारा. तो रोज कामावर हजर. फळ्या वाही, चिखल उपसे आणि तोंडाची टकळी चालू ठेवी.

"तुम्ही लोक दारू पीत नाही, शिव्या देत नाही," तो एकदा म्हणाला. "मग हातोडी बोटावर बसली की करता काय?"

"गातो," विलर्ड म्हणाला.

दोनच दिवसांनी विलर्डच्या अंगठ्यावर हातोडी बसली. तो क्षणभर डोळे मिटून उभा राहिला आणि मग खरंच एका भजनाची ओळ खर्जात म्हणाला. खिडकीबाहेर ड्वेन पोट धरधरून हसत होता. त्या दिवसापासून दोघांचं मेतकूट जमलं. जेवताना ड्वेन विलर्डच्या डब्यातली चिठ्ठी उचली आणि म्हणे, "आज काय म्हणतायत मॅडम? वाच जरा, माझा चष्मा ट्रेलरात राहिला." विलर्ड वाची. चष्मा रोजच ट्रेलरात राही, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी सकाळी विलर्ड डबा घ्यायला तळघरात आला आणि म्हणाला, "एक चिठ्ठी जास्तीची दे. मेन स्विचवर लावायचीय. आज तारा उघड्या राहणार."

"काय लिहू?"

"माणूस काम करतोय, हात लावू नये. तुझ्या अक्षरात लिही. माझं अक्षर मलाच लागत नाही."

मुकादम लीलंड निकेल पाव भरून घेत होता. तो म्हणाला, "गाडीत स्विचला लावायचं लाल कुलूप आहे विलर्ड. चिठ्ठी कशाला?"

"दुसऱ्याच्या घरात मी कुलूप ठोकू? त्याला वाटेल, त्याच्यावर विश्वास नाही. आधीच पुरानं सगळं नेलंय बिचाऱ्याचं."

मंडळीची रीतच ती. कॅन्ससच्या घरांना कुलपं नव्हती, कोठारांना नव्हती. एल्डानं चिठ्ठी लिहिली, फुंकर घातली, त्याच्या खिशात सरकवली. तेच तिच्या हातून त्याला मिळालेलं शेवटचं.

पुढचं पंधरा मिनिटांत झालं. थंडी मरणाची होती. विलर्ड स्वयंपाकघराच्या छताशी शिडीवर होता आणि बोटं आखडली म्हणून सारखे हात काखेत घालत होता. ड्वेननं ते बघितलं. आईचा जुना हीटर त्यानं सुकवून, घासून मागच्या खोलीत आणून ठेवला होता. म्हाताऱ्याला ऊब द्यावी म्हणून तो मागं गेला आणि त्यानं वीज यावी म्हणून मेन स्विचचा दांडा वर केला. त्या वेळी उघड्या तारा विलर्डच्या हातात होत्या.

शेरिफच्या पोलिसांनी विचारलं, स्विचच्या डब्यावर चिठ्ठी होती, दिसली नाही? ड्वेन म्हणाला, नाही दिसली.

एवढी ढळढळीत, निळ्या शाईतली, डोळ्यांसमोर हातभर अंतरावर. कशी दिसली नाही? एल्डाच्या मनात हा प्रश्न काट्यासारखा मोडून राहिला. विलर्डची शवपेटी घेऊन ती कॅन्ससला गेली. बर्फ फोडून खड्डा खणावा लागला. देवळात चारशे माणसं उभी राहिली आणि चार सुरांत गायली, नेहमीसारखीच. एकही सूर हलला नाही, आणि तिला प्रथमच त्या न हलण्याचा राग आला.

तिसऱ्या दिवशी पाळक रॅट्झलाफ दोन वडीलधाऱ्यांना घेऊन तिच्या स्वयंपाकघरात आले. झ्वीबाक खाल्ले. एकाच्या डोक्यावर एक बसलेले ते छोटे पाव शेजारणींनी इतके आणून दिले होते की टोपल्या कमी पडल्या होत्या. चहा संपल्यावर पाळक हळूच म्हणाले, "एल्डा, त्या माणसाला मंडळीनं पत्र लिहिलंय. तुला त्रास नको म्हणून आम्हीच लिहिलं. तू त्याला क्षमा केलीस, असं कळवलंय."

एल्डा टेबलावरचे पावाचे कण बोटानं गोळा करत होती. ती करतच राहिली.

"बरोबर केलं ना?"

आपल्या मंडळीत क्षमा ही विहिरीच्या पाण्यासारखी समजतात; मागणाऱ्यानं मागावी लागत नाही आणि देणाऱ्यानं मोजावी लागत नाही. सासरी-माहेरी सात पिढ्या चालत आलेलं तिनं हेच ऐकलं होतं, पोरांना हेच शिकवलं होतं. पण आपल्याकडे हेही शिकवतात की होला हो म्हणावं आणि नाहीला नाही. म्हणून तर आपली माणसं शपथ घेत नाहीत. ज्याचं साधं बोलणंच खरं, त्याला शपथ कशाला हवी? आणि आता तिच्या नावावर एक खोटं पोस्टात पडलं होतं. तिनं तोंडातून ब्र काढला नाही. पाळकांनी त्याला होकार मानलं, प्रार्थना केली आणि गेले.

तीन आठवड्यांनी ती कॉटर्स बेंडला परतली. मुलगी म्हणाली, आई, वेडी आहेस का? एल्डा म्हणाली, "एप्रिलपर्यंतचा शब्द दिलाय."

तळघरात अर्नानं तिला बघितलं, मिठी मारली आणि लगेच हातात बटाट्यांची बादली दिली. "सोल. रडायचं तर सोलता सोलता रड, सूप खारट झालं तरी कुणी बोलणार नाही."

एल्डा रडली नाही. चिठ्ठ्यांचा डबा फडताळात होता, तिनं त्याला हात लावला नाही. डबे नुसतेच जाऊ लागले.

ड्वेन मात्र त्या दिवसानंतर घराकडे फिरकला नव्हता. मंडळींनी त्याच्यावाचून तक्ते बसवले, रंग दिला. लीलंड दोनदा ट्रेलरवर जाऊन आला; आत दिवा असून दार उघडलं नाही. "कृतघ्न," कुणीतरी जेवताना म्हणालं. "आपण क्षमा केली, आणि हा तोंड दाखवत नाही." एल्डानं त्याच्या वाडग्यात सूप वाढलं आणि पुढे गेली. त्या क्षणी तिला ड्वेनचा राग आला नाही असं नाही. आला. रोज यायचा.

एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी घर सोपवायचं ठरलं. रीत अशी की त्या दिवशी घरमालकाला बायबल आणि बायकांनी शिवलेली गोधडी देतात, आणि गोधडी देताना स्वयंपाकीणबाई दोन शब्द बोलते.

लीलंड तिच्याकडे टोपी चुरगाळत आला. मंडळीतले धाकटे तिला टांटे, म्हणजे मावशी, म्हणत. "टांटे एल्डा, पाळक स्वतः येणार आहेत. त्यांना वाटतं, गोधडी तुम्हीच द्यावी. आणि सगळ्यांसमोर बोलावं... क्षमेबद्दल."

"सगळ्यांसमोर?"

"गावचे लोकही येणार. आपल्या श्रद्धेची साक्ष होईल, म्हणतायत."

"आणि घरमालक येणार का?"

लीलंडनं खांदे उडवले.

शनिवारी दुपारी एल्डानं कोबीचं सूप बरणीत भरलं आणि विलर्डचा ट्रक काढला. काय करायला निघालो हे तिला स्वतःलाच धड माहीत नव्हतं. उद्या त्या माणसासमोर उभं राहून खोटं बोलायचं, की मंडळीला खोटं पाडायचं, एवढा एकच प्रश्न डोक्यात होता. त्याआधी त्याचं तोंड एकदा बघावं, इतकंच.

तिनं दार वाजवलं नाही. ट्रकचा आवाज ऐकून दार आपोआप उघडलं. तो आवाज त्याच्या ओळखीचा होता. ड्वेन निम्मा झाला होता. दाढी वाढलेली, सदऱ्याची बटणं खालीवर लागलेली.

"या मॅडम," तो म्हणाला. "मी वाटच बघत होतो. तारीख कधीची आहे?"

"कसली तारीख?"

"कोर्टाची."

एल्डाला काही उमगेना. त्यानं सदऱ्याच्या आतल्या खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली, पिशवीतून पाकीट. कागद घड्यांवर झिजून पारदर्शक झाला होता.

"तुमच्या लोकांचं आलंय. सात आठवडे झाले. यात इथं तुमचं आडनाव आहे, तेवढं ओळखतो मी. विलर्डच्या ट्रकच्या दारावर असतं ना, तसंच. बाकीचं..." त्यानं हनुवटी खाजवली. "इतक्या मोठ्या शिक्क्याचा कागद म्हणजे दुसरं काय असणार. पण तारीख कळेना. तारीख चुकली तर पकडून नेतात म्हणे."

"कुणाकडून वाचून नाही घेतलं?"

"या गावात?" तो कसनुसं हसला. "मॅडम, पन्नास वर्षं मी चष्मा विसरतोय. आईला तेवढं माहीत होतं. ती वाचायची माझं सगळं."

एल्डा स्टुलावर बसली. बरणी मांडीतच राहिली. मंडळीची क्षमा सात आठवडे या माणसाच्या छातीशी समन्सासारखी पडून होती. त्या क्षमेलाच घाबरून तो दार उघडत नव्हता.

"दे इकडे," ती म्हणाली.

तिनं वाचायला घेतलं. रविवारच्या शाळेत वाचायची तसंच, सावकाश. आम्ही कोर्टात जात नाही, कधीही जाणार नाही. तुझं घर ठरल्याप्रमाणे पुरं होईल. दर बुधवारी तुझं नाव घेऊन आम्ही प्रार्थना करतो. ड्वेन उभ्यानं ऐकत होता. मग तो ट्रेलरच्या भिंतीला टेकला आणि टेकल्या टेकल्या खाली बसला.

एल्डा थांबली.

"संपलं?"

"नाही. अजून एक ओळ आहे."

"वाचा की."

"ती खरी नाही, म्हणून वाचत नाही." तिनं कागद गुडघ्यावर सपाट केला. "मी तुला क्षमा केलीय, असं लिहिलंय. मी केलेली नाही. मला कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तरी हो म्हणाले नसते."

"बरं झालं," ड्वेन म्हणाला. "सात आठवड्यांत कुणाचंतरी बोलणं पहिल्यांदा समजलं मला."

मग तिच्या तोंडून तो काटा बाहेर पडला. "डब्यावर चिठ्ठी होती. तू म्हणालास, दिसली नाही."

"दिसली होती."

"मग?"

"शेरिफला काय सांगू? की मला वाचता येत नाही? आंधळा म्हटलं तर चाललं असतं मला. अडाणी नको होतं." तो जमिनीकडे बघत होता. "मला वाटलं वचन आहे, मॅडम. तोच पुठ्ठा, तीच शाई. तुम्ही लोक दाराला लावता, नळाला लावता. मला वाटलं, आज वीज येणार म्हणून तिलाही लावलंय. मी टोपीसुद्धा काढली. विलर्ड काढायचा तशी. टोपी काढली आणि मग दांडा वर केला."

एल्डाच्या मांडीवरची बरणी कलंडली. झाकण घट्ट होतं म्हणून सूप सांडलं नाही. तिच्या डोळ्यांपुढे ती चिठ्ठी आली, जशीच्या तशी. शेजारी त्या दिवशीच्या चाळीस चिठ्ठ्या, तसल्याच खोक्यांतून कापलेल्या, एका ओळीत वाळत पडलेल्या. लाल शाईची दौत फडताळात होती. हात लांब करायचा कंटाळा केला होता तिनं.

सात आठवडे ती एक उत्तर शोधत होती. ते तिच्याच कात्रीत होतं.

"ती मी लिहिली," ती म्हणाली.

"माहितेय. अक्षर ओळखतो मी तुमचं. वाचता येत नसलं तरी."

"ड्वेन, मला माफ कर."

"तुमच्या त्या पुठ्ठ्यानं मी माणूस मारला," तो म्हणाला. "चांगला माणूस. माझ्याशी जेवताना बोलायचा. आज नाही जमायचं मॅडम. तुमच्यासारखंच. आज नाही."

"बरं," एल्डा म्हणाली. तिनं बरणी टेबलावर ठेवली. "गरम करून घे. उद्या अकराला ये. कोर्ट नाही, घर आहे."

रविवारी तो आला. आईच्या दारात, धुतलेला सदरा घालून, पाहुण्यासारखा अवघडून उभा राहिला. गाव जमलं होतं. मंडळी गायली, पाळक बोलले आणि मग त्यांनी एल्डाकडे बघून मान हलवली. तिनं गोधडी छातीशी धरली होती.

"माझ्या नावानं मंडळीनं एक शब्द दिला होता," ती म्हणाली. "तो मी आज देऊ शकत नाही, कारण आधी मला एक कबूल करायचंय. मेन स्विचवरची चिठ्ठी मी लिहिली होती. वचनं लिहिते त्याच पुठ्ठ्यावर, त्याच शाईनं. या घरभर तशा चिठ्ठ्या होत्या. कुणालाही ते वचनच वाटलं असतं. विलर्डच्या मरणात या माणसाचा हात होता, तेवढाच माझा होता. यापुढे कुणी त्याला बेपर्वा म्हणणार असेल, तर आधी मला म्हणावं."

चष्म्याबद्दल ती बोलली नाही. जेवढं सांगितलं त्यातलं अक्षरही खोटं नव्हतं, आणि जे राहिलं ते तिचं सांगण्याचं नव्हतं.

लीलंड खाली बघत होता. त्यानंच मागच्या खोलीत मेन स्विचच्या डब्याला लाल कुलूप लावलं होतं आणि त्याची किल्ली आता घराच्या किल्लीबरोबर ड्वेनला द्यायची होती. एल्डानं गोधडी पुढे केली. ड्वेननं ती घेतली. त्याच्या हाताला तिचा हात लागला नाही.

परतताना गाडीत अर्ना म्हणाली, "पाळकांची फजिती केलीस." थोड्या वेळानं म्हणाली, "मी असते तर माझ्याच्यानं झालं नसतं." अर्नानं आयुष्यात केलेली ती एवढीच स्तुती.

त्यानंतर एल्डा आणखी कितीतरी पुरांना, वादळांना गेली. चाळीस माणसांचा स्वयंपाक, पहाटेचे पाव, तेच. डब्यात चिठ्ठी मात्र पुन्हा गेली नाही. नवं पोरगं कुणी विचारी, "टांटे, तुम्ही म्हणे वचनं देत होतात?" तर ती म्हणे, "पाठ कर. डोक्यात ठेव." आणि विजेचं काम करणाऱ्या प्रत्येकाच्या हातात ती पहिल्या दिवशी एक लाल कुलूप ठेवी. विश्वासाचं काय, असं कुणी म्हणालंच तर म्हणे, "विश्वास आहे. कुलूपही लाव."

विलर्ड गेला त्या तारखेला दर वर्षी ड्वेनचा फोन यायचा. पहिल्या वर्षी त्यानं एकदम विचारलं, "ती ओळ. खरी झाली का?"

"झाली. टोपीचं सांगितलंस त्याच दिवशी, ट्रकपर्यंत पोचेस्तोवर."

"मग सोपवणीच्या दिवशी बोलला का नाहीत?"

"तुझं बाकी होतं. माझं तेवढं उरकून मोकळी झाले असते, तर त्या पत्रासारखंच झालं असतं."

"माझं अजून नाही हो."

"घाई नाही."

दुसऱ्या वर्षीही नाही. तिसऱ्या वर्षी त्यानं गोधडीचा एक टाका उसवल्याचं सांगितलं आणि तिनं तो कसा घालायचा ते सांगितलं. चौथ्या वर्षी म्हणाला, "मॅडम, जवळजवळ."

"जवळजवळ?"

"जवळजवळ. पुढल्या वर्षी सांगतो."

पाचव्या वर्षी फोन वाजला नाही. संध्याकाळी एल्डानं स्वतः लावला, तर तो नंबर बंद होता. आठवड्यानं लीलंडची चिठ्ठी आली. चौकशी करून लिहिलं होतं: नोव्हेंबरात, झोपेत, हृदय. शेजाऱ्यांना दोन दिवसांनी कळलं. अंगावर गोधडी होती.

एल्डानं ती वाचली, घडी घातली, आणि डोळे मिटून बसून राहिली. प्रार्थनेला शब्द येईनात. जवळजवळ म्हणजे किती, हे विचारायचं राहून गेलं होतं. सांगणारा कुणी उरला नव्हता, आणि वर जो आहे त्याला विचारायचा धीर तिला होत नव्हता.

दुसऱ्या दिवशी आर्कन्सॉला निघायचं होतं. तिथं वादळानं अर्धं गाव झोपवलं होतं. तिनं पिशवी काढली. आधी लाल कुलूप टाकलं, मग ॲप्रन.